पाटा निघाला तेव्हा

नेरूळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी-रविवारी सकाळी आठ ते बारा त्यांची तालीम चालायची. बाराच्या ठोक्याला वॉचमन दारात येऊन उभा राहायचा, कारण साडेबाराला तिथे कुणाचं तरी बारसं नाहीतर साखरपुडा असायचा. आठ जणांचा ग्रुप, सगळे नोकरदार. लेखक आणि दिग्दर्शक स्वानंद. तो ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत होता आणि आठवडाभर फक्त शनिवारची वाट बघायचा. वाशीच्या खुल्या एकांकिका स्पर्धेत त्याच्या एकांकिकेला सलग तीन वर्षं एकही बक्षीस मिळालं नव्हतं.

या वर्षी त्याने विमानतळासाठी उठलेल्या एका गावावर लिहिलं होतं. हिराबाय नावाच्या विधवा बाईचा तिच्या घरातला शेवटचा दिवस. बाहेर टेम्पो उभा आहे, सामान भरून झालंय, आणि शेवटची आठ मिनिटं ती रिकाम्या घरात एकटीच आहे. स्वानंदने लिहिलं होतं : ती भिंतीला कवटाळून रडते आणि म्हणते, "घरा, मला माफ कर."

हिराबाय करत होती गीतांजली शेडगे. वय छत्तीस. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. ती वाढली कोपरखैरण्यात आणि लग्नानंतर उलव्याला आली. उरण रस्त्यावरच्या एका कंटेनरच्या गोदामात ती कागदपत्रांचं काम बघायची. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. पण ती आठ मिनिटं काही केल्या जमत नव्हती. ती रडायची ते रडण्यासारखं दिसायचं, बस.

तिसऱ्या आठवड्यात स्वानंदने सगळ्यांना गोल बसवलं. "आजपर्यंत कुणालाच सांगितली नाही अशी एक गोष्ट प्रत्येकाने सांगायची," तो म्हणाला.

गीतांजलीची पाळी आली तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "सात महिन्यांपूर्वी आई गेली. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. रोज विचारायची, घरी कधी जायचं? मी रोज सांगायचे, उद्या. मला माहीत होतं की ती घरी येणार नाही. पण अकरा दिवस मी उद्या, उद्याच म्हणत राहिले."

स्वानंद तिच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

"उठ," तो म्हणाला. "भिंतीपाशी जा. डोळे मीट. आई विचारतेय, घरी कधी जायचं?"

"स्वानंद..."

"सांग तिला."

"उद्या," गीतांजली म्हणाली. ती भिंतीला धरून खाली बसली आणि अशी रडली की हिराबायच्या मुलाचं काम करणारा निशांत हॉलच्या बाहेर निघून गेला. स्वानंदने टाळी वाजवली. "हेच! हेच पाहिजे मला. आता संवाद घे."

तिने संवाद घेतला. त्या दिवशी घरी जाताना तिला वाटलं, आपण काहीतरी मोठं केलं. खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता.

मग ती रीतच पडली. शेवटचा प्रवेश आला की स्वानंद विंग मानलेल्या कोपऱ्यातून हळू आवाजात म्हणायचा, "उद्या." तेवढं पुरे व्हायचं. चार तालमी, पाच तालमी. सहाव्या तालमीला डोळ्यांत पाणी उशिरा आलं. आठव्या तालमीला आलंच नाही. उलट सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरची उज्वला फोनवर कुणाला तरी म्हणाली, "चाळीस फुटी कंटेनर उद्या निघेल," आणि गीतांजलीच्या डोळ्यांतून कीबोर्डवर पाणी टपकायला लागलं. जिथे रडायचं तिथे कोरडी आणि जिथे काही संबंध नाही तिथे ही अशी अवस्था.

नवव्या तालमीला स्वानंदने आणखी जोर लावला. "शेवटच्या दिवशी आईचा हात कसा लागत होता? थंड होता? आठव."

गीतांजलीने आठवायचा प्रयत्न केला. आणि तिच्या लक्षात आलं की आईचा चेहरा समोर येतच नाही. येतो तो हा हॉल, ही भिंत आणि विंगेत वाकून उभा असलेला स्वानंद. ती भिंतीपासून बाजूला झाली.

"मी नाही करणार हे," ती म्हणाली.

"घाबरतेस तू. आता कुठे खरं काहीतरी हाताला लागतंय..."

"काही लागत नाहीये. होतं तेही चाललंय."

"गीतांजली, भावना स्वतःच्या आतूनच आणावी लागते. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं. बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला स्टेजवर उभं केलं होतं. म्हणाले, आज जे आहे ते वापर. पहिलं बक्षीस मिळालं मला."

"आणि बाबा?"

"बाबा काय?"

"बाबा आठवतात का रे तुला आता? की तो प्रयोगच आठवतो?"

स्वानंद हातातली संहिता चाळायला लागला. गीतांजलीने पर्स उचलली आणि ती निघून गेली. स्पर्धेला अठ्ठावीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उज्वलाने डबा उघडत सरळच विचारलं, "काय झालंय तुला? टेन्शन आहे काय घरी?" गीतांजलीने सगळं सांगितलं. आईचं, तालमीचं, हिराबायचं.

उज्वला आगरी, उलव्याच्याच बाजूची. ती घास हातात धरून ऐकत होती. "बाळामावशीचं गाव असंच उठलं," ती म्हणाली. "माझी सख्खी मावशी. तुमी नाटकात बाईला रडवताय, पण मावशी तर त्या दिवशी हसलेली."

"हसली?"

"सगळं गाव रडत होतं आणि ही घरातून हसत बाहेर आली. आमाला वाटलं, डोकं फिरलं हिचं. विचार तूच तिला."

रविवारी दोघी गेल्या. गाव उठल्यावर बसवलेल्या नव्या वसाहतीत उज्वलाच्या मावशीच्या, बाळाबाईंच्या मुलांनी दुमजली घर बांधलं होतं. वरच्या गच्चीत, पत्र्याच्या शेडखाली, बाळाबाई वाटण वाटत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, मनगटात हिरव्या बांगड्या. समोर भलाथोरला काळा पाटा.

"ह्योच तो," त्या गीतांजलीला म्हणाल्या. उज्वलाने फोनवर सांगून ठेवलं होतं. "सासूचा पाटा. घराला कोबा केला ना, तवा सासऱ्यानं कोब्यातच बसवून घेतला. मंग निघायचा दिवस आला. पोरगे बोलले, आये, मिक्सर हाय ना, पाटा कशाला? मी बोलली, मिक्सर तुमचा, पाटा माझा."

"मग?"

"मंग काय! पहार घेतली आनि बसली खनत. टेम्पोवाला हॉर्न मारतोय. बाहेर बाया गल्यात पडून रडतात. थोरला येतो, आये चल. धाकटा येतो, आये चल. मी बोलली, हात लावू नका. सिमिट काय सोडतंय? हाताला फोड आले. आनि मंग एका बाजूनं असा करकर वाजला, आनि आला वर!" बाळाबाईंनी वरवंटा सोडून दोन्ही हात वर केले. "मला काय आनंद झाला सांगू! हसली मी. सगलं नेलं, पन ह्यो नाय सोडला."

"रडलाच नाहीत?"

"रडाया टाइम कोनाला व्हता?" बाळाबाई परत वाटायला लागल्या. थोड्या वेळाने आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तिसऱ्या दिवशी रडली. पाटा धुवाया घेतला. उलटा केला तर खाली घरची माती चिकटलेली. पानी वतलं आनि हात थांबला. ती माती तशीच हाय अजून. खालची बाजू मी धूत नाय."

गीतांजलीचे डोळे भरून आले. स्वानंदच्या विंगेतल्या कुजबुजीने जे आणलं होतं ते नव्हतं हे. हे त्या मातीसाठी होतं.

बाळाबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. "तुजी आई गेली ना? उज्वला बोलली." आणि समजूत वगैरे न घालता त्या बाजूला सरकल्या. "बस इथं. वाट. मला बी कंटाला आला."

गीतांजली बसली. खोबरं, लसूण, ओली मिरची. पहिल्या चार फेऱ्यांत वरवंटा निसटला. मग खांद्यातून जोर कसा लावायचा ते कळलं, वास सुटला, आणि तिला काहीही कारण नसताना आठवलं : हॉस्पिटलमध्ये ती आईसाठी डबा नेत असे आणि आई रोज पहिल्या घासाला तोंड वाकडं करून म्हणायची, "मीठ कमी." अकरा दिवसांतून नऊ दिवस. दहाव्या दिवशी गीतांजलीने चिडून मूठभर मीठ घातलं, तर आई घास खाऊन नर्सला म्हणाली, "बघा, पोरगी शिकली एकदाची." आणि नर्स, आई आणि ती, तिघी हसल्या होत्या. खाटेवर पाणी सांडेपर्यंत हसल्या होत्या.

हे कुठे गेलं होतं इतके दिवस? एका शब्दावर रडू येतं म्हणून तोच शब्द आपण उगाळत बसलो, आणि बाकीची आई मागे राहिली. गीतांजली वाटता वाटता हसायला लागली. डोळेही वाहत होते.

"मिरची लागली काय?" उज्वलाने विचारलं.

"गप गो," बाळाबाई म्हणाल्या. "वाटू दे तिला."

पुढच्या शनिवारी गीतांजली आठ वाजता हॉलमध्ये हजर. स्वानंदने दुसऱ्या मुलीला उभं करून बघितलं होतं; ती छान रडत होती आणि कुणालाच काही वाटत नव्हतं.

"मी करते," गीतांजली म्हणाली. "पण तालमीत माझ्या आईचा विषय निघणार नाही. माझ्याच नाही, कुणाच्याच आईचा. आणि शेवट बदलायचा." तिने पाट्याची गोष्ट सांगितली. "मी रडणार नाही. मी पाटा काढणार."

"आठ मिनिटं? नुसता पाटा काढणार?" स्वानंद म्हणाला. "भावना कुठे आहे त्यात? नुसतं काम दिसेल."

"मग काम दिसू दे."

"प्रेक्षकांना कळणार कसं, तिला काय होतंय ते?"

"मला एकदा करून बघू दे. नाही पटलं तर तुझा शेवट. भिंतीला मिठी मारते आणि घराची माफी मागते."

निशांत खुदकन हसला. स्वानंदलाही हसू आलं, पण त्याने ते दाबलं. मग नेपथ्य करणाऱ्या कमळाकरकडे वळला. कमळाकरचं तुर्भ्याला सुतारकामाचं दुकान होतं. "पाटा बनवशील? थर्माकोलचा?"

"थर्माकोलचा नको," गीतांजली म्हणाली. "दगडाचा. आणि खरंच अडकलेला. मला माहीत असलं की तो निघणारच आहे, तर माझे हात खोटं बोलतील."

कमळाकरला हे फार आवडलं. त्याने जाड फळ्यांचा प्लॅटफॉर्म केला, त्यात खाच पाडली, चोवीस किलोचा पाटा बसवला आणि कडेने पाचरी ठोकून वर प्लास्टर भरलं. पहिल्या तालमीला पाटा साडेतीन मिनिटांत निघाला, दुसऱ्या वेळी सहा मिनिटांत. हाताला दोन फोड आले. तिसऱ्या तालमीला स्वानंद विंगेतून बघत होता. पाटा निघाला तसा तो दाराकडे चालू लागला. बाहेर जाऊन त्याने चार कप चहा सांगितला आणि चारही कप हातात घेऊन तसाच उभा राहिला. तालमीला माणसं आठ आहेत हेही त्याच्या ध्यानात नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी त्यांचा नंबर दुपारी अडीचला होता. नाट्यगृह जवळजवळ भरलेलं. सहाव्या रांगेत उज्वला आणि तिच्या शेजारी नऊवारीत, गजरा माळून बाळाबाई. एकांकिकेला चाळीस मिनिटांची मर्यादा. एक सेकंद वर गेला की बाद. स्वानंद घड्याळ घेऊन विंगेत उभा होता.

बत्तिसाव्या मिनिटाला हिराबाय एकटी उरली. तिने पदर खोचला, पहार उचलली, पाट्याच्या कडेला पहिला घाव घातला. प्लास्टरचा टवका उडाला. दुसरा. तिसरा. मग काहीच उडेना. खबरदारी म्हणून कमळाकरने आदल्या दिवशी प्लास्टरचा एक हात जास्तीचा फिरवला होता, आणि तो दगडासारखा घट्ट झाला होता.

दोन मिनिटं गेली. तीन. गीतांजलीच्या कपाळावरून घाम ओघळून पाट्यावर पडायला लागला. विंगेत कमळाकर दोन्ही हातांत डोकं धरून बसला. निशांतला राहवलं नाही. त्याची एंट्री नव्हती, तरी तो आत गेला. "आये, टेम्पोवाला थांबत नाय. सोड तो."

"हात लावू नको!" गीतांजली अशी कडाडली की तो तीन पावलं मागे सरला, आणि प्रेक्षागृहात मोठ्ठा हशा पिकला. सहाव्या रांगेतून सगळ्यात मोठ्याने बाळाबाई हसल्या.

निशांत बाहेर आला. साडेचार मिनिटं. गीतांजली खाली बसली. तांब्यातलं पाणी घटाघट प्यायली. तिला कसली घाई दिसत नव्हती. उरलेलं पाणी तिने पाट्याच्या कडेने हळूहळू ओतलं, तळहाताने पाट्याची पाठ पुसली आणि काही वेळ हात तसाच ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग उठून दुसऱ्या बाजूला गेली. आता कुणी हसत नव्हतं. पहारीचं टोक फटीत घालून तिने सगळं अंग तिच्यावर टाकलं. एकदा. दोनदा. सहा मिनिटं, दहा सेकंद. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ नकळत खुर्चीच्या कडेवर सरकला होता आणि तिच्याबरोबर खांदे रेटत होता.

करकर वाजलं.

पाटा एका बाजूने वर आला. गीतांजलीने पहार टाकली, दोन्ही हात खाली घातले आणि चोवीस किलोचा दगड उचलून छातीशी घेतला. आणि ती हसली. आधी श्वासातून, मग मोठ्याने. हिराबाय जिंकली होती! घर गेलं, अंगण गेलं, गाव गेलं, आणि ही बाई एक दगड कवटाळून लढाई जिंकल्यासारखी हसत होती. अंधारात कुठेतरी एकाला हुंदका फुटला. मग दुसरीकडे. तिने पाटा कमरेवर घेतला, मागे वळूनही न बघता दारातून बाहेर पडली, आणि रंगमंचावर फक्त ती चौकोनी खाच उरली. प्रकाश हळूहळू त्या खाचेवर आला आणि तिथेच थांबला.

"घरा, मला माफ कर" कुणी म्हटलंच नाही. पडदा पडला तेव्हा घड्याळात एकोणचाळीस मिनिटं, बावीस सेकंद झाले होते.

मग टाळ्या पडल्या त्या पडतच राहिल्या. स्वानंदला स्टेजवर ओढून न्यावं लागलं. तिथे तो गीतांजलीच्या कानाशी ओरडून म्हणाला, "बाबा शिट्टी वाजवायचे. दाढी करताना. वीस वर्षांत आठवलं नव्हतं!" त्याला नाक पुसायलाही सुचत नव्हतं.

बाहेर आल्यावर बाळाबाईंनी गीतांजलीचे हात उलटेपालटे करून फोड बघितले. "पाटा कमरेवर नाय घेत कोन," त्या म्हणाल्या. "कंबर जाईल. डोक्यावर घेतात." मग तिच्या गालाला हात लावला. "पन हसलीस ते बराबर. तशीच हसली मी."

संध्याकाळी निकाल लागला. एकांकिका पहिली, अभिनयात गीतांजली पहिली, नेपथ्यात कमळाकर पहिला. नाव पुकारल्यावर तो स्टेजवर जायचंच विसरला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारून बसला.

पुढचा पावसाळा संपल्यावर गीतांजली आणि स्वानंदने उलव्यात रविवार सकाळचा अभिनयाचा वर्ग सुरू केला. पहिल्याच दिवशी एकोणीस जण आले. दुसऱ्या रांगेत जाई नावाची पतपेढीत काम करणारी मुलगी होती. ओळख करून देताना ती चाचरत म्हणाली, "मॅडम, मला रडायला येत नाही. लहानपणापासूनच. आजी गेली तेव्हापण नाही आलं. मग मला अॅक्टिंग जमेल का?"

स्वानंदने गीतांजलीकडे बघितलं. "तूच घे," तो म्हणाला.

गीतांजलीने कोपऱ्यातली बादली पुढे ओढली. त्यात भिजवलेली सहावारी साडी होती. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत दोरी तिने सकाळीच बांधून ठेवली होती. "आजी कुणाच्यात राहायची?"

"आमच्यात."

"आजीचं याहून जास्त नाही विचारणार काही. फक्त ही साडी पिळून दोरीवर वाळत घाल. एकटीने. एकही सुरकुती राहता कामा नये."

जाई पुढे आली. साडी ओली, जड, एकटीला न आवरणारी. एक टोक धरलं की दुसरं जमिनीला लागायचं. मागून दोघं-तिघं हसले. तीही ओशाळून हसली. मग तिने ओठ मुडपले, एक टोक दाताखाली धरलं आणि दोन्ही हातांनी पीळ सोडवायला घेतला. साडी हळूहळू दोरीवर पसरत गेली. तिने काठ धरून झटकला, पाण्याचे थेंब पहिल्या रांगेवर उडाले, पण कुणी तोंड पुसलं नाही. एव्हाना कुणी हसतही नव्हतं. जाईने पदर सरळ केला, बोटांनी एक एक सुरकुती काढली आणि तशीच साडीकडे तोंड करून उभी राहिली.

"बसू?" काही वेळाने तिने विचारलं.

"थांब जरा," गीतांजली म्हणाली. "ते सगळे अजून बघतायत."